गुटीच्या डब्यातले ज्येष्ठमध

सोलापुरातल्या जुन्या वळणाच्या घरात गुटीचा डबा असतोच. घरात तान्हे मूल नसले तरी तो फडताळात ठेवलेला असतो, कारण आळीत कुणाकडे बाळंतीण आली की शेजारीण हक्काने मागायला येते. त्यात हिरडा, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, सुंठ, खारीक यांच्या सोबतीला पिवळसर, तंतुमय, बोटाएवढी एक काडी असते, ती ज्येष्ठमधाची. सहाणेवर आईच्या दुधात ती उगाळताना आजी वळसे मोजते, आणि मोजताना मध्येच कोणी बोलले तर चिडते. हल्लीचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नका असे सांगतात आणि त्यांचे म्हणणे योग्यच आहे, पण तो या लेखाचा विषय नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते त्या मोजण्याकडे. जन्मलेल्या बाळाला ज्येष्ठमध देताना वळसे मोजणारे हेच घर, बाळ पोटात असताना त्याच्या आईला ज्येष्ठमधाचा काढा देते तेव्हा काहीच मोजत नाही.

मागे एकदा संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची यात्रा भरली होती त्या दिवसांत, माझ्या पुतणीला सातवा महिना चालू होता. तिचा खोकला हटत नव्हता. गरोदरपणात इंग्रजी औषधे नकोत म्हणून सासूबाईंनी ज्येष्ठमध, तुळस, सुंठ, मिरी आणि गूळ घालून काढा सुरू केला. सकाळ-संध्याकाळ पेलाभर, आणि रात्री घशाला बरे वाटावे म्हणून ज्येष्ठमधाची पूड मधातून. हे तीन आठवडे चालले. तपासणीच्या दिवशी रक्तदाब १४०/९० च्या वर निघाला आणि घोट्यांवर सूज दिसली. डॉक्टरांनी पापड, लोणचे, मीठ, जागरण, घरचा ताण असे सगळे विचारले, शेंगाचटणी किती खातेस तेही विचारले, पण काढ्याचे विचारले नाही. तिनेही सांगितले नाही, कारण तिच्या लेखी काढा हे औषध नव्हते. घरी आल्यावर बोलता बोलता तो विषय निघाला आणि काढा थांबला. त्याच दिवशी रक्तदाबाच्या गोळ्याही सुरू झाल्या होत्या. पुढे सगळे सुखरूप पार पडले. दाब काढ्यामुळेच वाढला असे मी म्हणणार नाही. पहिलटकरणीचा दाब शेवटच्या महिन्यांत इतर कारणांनीही वाढतो, आणि दोन्ही गोष्टी एकदमच झाल्यामुळे गुण कशाचा आला हे ठरवायला काही मार्ग उरला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. जो पदार्थ रक्तदाब वाढवतो हे वैद्यकाला निदान पाऊणशे वर्षांपासून ठाऊक आहे, त्याच्याबद्दल रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईला कोणी एक प्रश्न विचारू नये, ही गोष्ट मला खटकते.

१९४६ साली नेदरलँड्समधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाच्या अर्काने आराम पडतो असे नोंदवले, आणि त्याबरोबरच त्यांतल्या काहींच्या चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज येते असेही लिहून ठेवले. पुढे ज्येष्ठमधातल्याच एका द्रव्यापासून अल्सरवरचे औषध तयार झाले आणि काही वर्षे वापरले गेले, तेव्हा त्याचाही हाच दोष निघाला: अंगात पाणी साठणे, दाब वाढणे, पोटॅशियम घटणे. याचे कारणही नंतर उलगडले. ज्येष्ठमधाची गोडी ग्लायसिरायझिन या द्रव्यामुळे असते आणि ती साखरेच्या अनेक पटींनी जास्त असते. आतड्यात त्याचे रूपांतर होऊन जे आम्ल रक्तात जाते, ते एका विशिष्ट एन्झाइमला अडवते. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक सतत तयार होत असते, आणि मूत्रपिंडात ते निष्प्रभ करून कॉर्टिसोनमध्ये बदलण्याचे काम या एन्झाइमकडे असते. तो अडला की कॉर्टिसॉल मूत्रपिंडावर भलतेच काम करू लागते. मीठ आणि पाणी अंगात राहते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. म्हणून सूज, म्हणून दाब, म्हणून हातापायांतला अशक्तपणा.

गर्भारपणात यात आणखी एक गोष्ट येते. हाच एन्झाइम वारेतही, म्हणजे प्लॅसेंटातही, असतो. आईच्या रक्तातले कॉर्टिसॉल गर्भाच्या रक्तातल्या कॉर्टिसॉलपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि ते सगळेच्या सगळे बाळापर्यंत जाऊ नये म्हणून वार मध्ये चौकीसारखी उभी असते. ज्येष्ठमध ती चौकी ढिली करते. कॉर्टिसॉल गर्भाला थोडे लागतेच, फुप्फुसे पक्व व्हायला ते हवेच असते. पण कधी आणि किती याचा हिशेब निसर्गाने आखून ठेवलेला आहे, आणि त्या हिशेबात बाहेरून ढवळाढवळ झाली तर काय होते हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न फिनलंडमध्ये झाला, कारण तिथे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या हा राष्ट्रीय शौकच आहे. १९९८ साली हेलसिंकीतल्या प्रसूतिगृहांमध्ये १,०४९ बाळंतिणींना गरोदरपणात त्यांनी या गोळ्या किती खाल्ल्या हे विचारण्यात आले. आठवड्याला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लायसिरायझिन पोटात गेलेल्या स्त्रियांमध्ये ३८ आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याची शक्यता अडीच पटींनी जास्त दिसली. बाळांच्या वजनात मात्र लक्षणीय फरक नव्हता, आणि गर्भारपणाचा सरासरी काळ जेमतेम अडीच दिवसांनी कमी झालेला होता. पुढे यांतल्याच काही मुलांची आठव्या वर्षी आणि पुन्हा साधारण साडेबाराव्या वर्षी तपासणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या दुसऱ्या तपासणीत ३७८ मुले होती. ज्यांच्या आयांनी भरपूर ज्येष्ठमध खाल्ले होते, त्यांचा बुद्ध्यांक कमी खाणाऱ्यांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ अंकांनी कमी भरला, लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलतेच्या तक्रारी जास्त निघाल्या, आणि मुलींमध्ये वयात येण्याची लक्षणे लवकर आलेली दिसली. त्याआधीच, २०१६ साली, फिनलंडच्या आरोग्य व कल्याण संस्थेने गरोदर स्त्रियांनी मोठ्या प्रमाणात खाऊ नयेत अशा पदार्थांत ज्येष्ठमध घातले होते.

हे पुरावे ऐकून घाबरून जाणे चुकीचे आहे आणि झटकून टाकणेही चुकीचे आहे. या पाहण्या निरीक्षणाच्या आहेत, प्रयोगाच्या नाहीत. आठवड्याला पाव किलो गोळ्या खाणारी स्त्री आणि न खाणारी स्त्री यांच्यात इतरही फरक असू शकतात, आणि संशोधकांनी त्यांतले बरेच हिशेबात धरले तरी सगळे धरता येत नाहीत. शिवाय एका शहरातल्या एका पिढीवर सगळ्या जगाचा नियम बांधता येत नाही. तरीही ज्याची शरीरातली रीत प्रयोगशाळेत समजलेली आहे आणि ज्याचा परिणाम त्याच दिशेने माणसांतही दिसतो, असा पुरावा नुसत्या योगायोगापेक्षा वजनदार असतो.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आपल्याकडे मुद्दाम वाचण्यासारखा आहे. गरोदरपणात ज्येष्ठमधाच्या गोळ्या किंवा त्याचा चहा बेताने घेतला तर हरकत नाही, पण औषधी म्हणून मिळणारे ज्येष्ठमधाचे मूळ टाळा, असे ती सांगते. आपली समजूत नेमकी याच्या उलट आहे. गोळीबिस्कीट म्हणजे बाजारू आणि वाईट, काष्ठौषधींच्या दुकानातली काडी म्हणजे शुद्ध आणि निर्धोक, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गोळीत साखर आणि मैदाच जास्त असतो, आणि तिकडच्या कित्येक गोळ्यांना तर ज्येष्ठमधाऐवजी बडीशेपेसारख्या पदार्थाचा वास दिलेला असतो. ज्याच्याविषयी सावध राहायचे ते द्रव्य भरपूर असते ते मुळात, म्हणजे आपल्या फडताळातल्या काडीत.

हिशेब करून पाहू. औषधी दर्जाच्या ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिनचे प्रमाण निदान ४ टक्के असावे अशी अपेक्षा असते. आयुर्वेदिक औषधकोशात पुडीची मात्रा दिवसाला २ ते ४ ग्रॅम दिलेली आहे, म्हणजे सपाट भरलेला लहान चमचा. रोज ३ ग्रॅम धरले तर १२० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन झाले आणि आठवड्याचे ८४०. फिनलंडमधली ५०० मिलिग्रॅमची मर्यादा गाठायला तिथल्या बाईला पाव किलो गोळ्या खाव्या लागत होत्या. इथे ती साडेबारा ग्रॅम पुडीत ओलांडली जाते. निरोगी प्रौढ माणसासाठीही युरोपीय तज्ज्ञ समितीने दिवसाला १०० मिलिग्रॅमची वरची मर्यादा सुचवलेली आहे. आता प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की मुळातले द्रव्य शुद्ध अर्काइतके पुरते शोषले जात नाही, आणि काढ्यात सगळेच उतरते असे नाही, तेव्हा प्रत्यक्ष आकडा यापेक्षा कमी असू शकेल. पण तो किती कमी, हे मधल्या मारुतीच्या बाजारात पुडी बांधून घेणाऱ्या कुणालाही कळायचे साधन नाही. आपल्याकडचे बरेचसे ज्येष्ठमध अफगाणिस्तान-इराणकडून येते. जमीन, झाडाचे वय आणि साठवण यांप्रमाणे त्यातले गोड द्रव्य कमीजास्त होते, आणि भेसळीत गुंजेचे मूळ येते ते वेगळेच. खोकला आला म्हणून कधी तरी काडीचा तुकडा चघळणे आणि महिना-महिना दोन वेळा काढा पिणे या एकाच गोष्टी नाहीत. पहिल्यासाठी रात्रीची झोप घालवण्याचे कारण मला दिसत नाही. दुसरी थांबवलीच पाहिजे, आणि ज्या गर्भवतीला आधीच रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा अंगावर सूज आहे तिने पहिलीही टाळावी.

इथे माझे आयुर्वेद मानणारे स्नेही हमखास एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भस्रावाचे भय असता महिनावार जे योग सांगितले आहेत, त्यांत पहिल्याच महिन्याच्या योगात मधुक, म्हणजे ज्येष्ठमध, आहे. मग हजारो वर्षे गर्भ राखण्यासाठी दिलेले द्रव्य आज गर्भाला घातक कसे ठरले? या आक्षेपाला आयुर्वेदाची हेटाळणी करून उत्तर देणे मला मान्य नाही. ज्या शहरात शेठ गोविंदजी रावजींच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय पिढ्यान्‌पिढ्या वैद्य घडवत आले आहे, तिथे तर ते शोभणारही नाही. उत्तर ग्रंथातच आहे. तिथे ज्येष्ठमध इतर द्रव्यांसोबत, दुधातून, ठरावीक महिन्यात, ठरावीक लक्षणावर येते, आणि पुढच्या महिन्यांचे योग वेगळे होतात. देणारा वैद्य असतो. तो नाडी, काळ आणि रुग्ण पाहतो. या सगळ्या चौकटीतून फक्त द्रव्याचे नाव उचलायचे, मात्रा सोडून द्यायची, काळ सोडून द्यायचा, वैद्यालाही सोडून द्यायचे आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशावरून काढा उकळायचा, याला आयुर्वेदाचा आधार म्हणता येणार नाही. करोनाच्या काळात काढ्याची सवय घरोघरी मुरली. साथ गेली, सवय राहिली. वैद्याच्या देखरेखीखाली कोणी गर्भवती ज्येष्ठमधाचा योग घेत असेल तर तिने तो स्वतःहून बंद करण्याऐवजी त्या वैद्याला आपला रक्तदाबाचा आकडा दाखवावा, एवढेच मी म्हणेन. ज्या वैद्याला तो आकडा पाहण्याची गरज वाटत नाही, त्याच्याविषयी मात्र माझे मत चांगले होणार नाही.

दुसरा आक्षेप बायकांकडून येतो आणि तो मला जास्त लागतो. गरोदर बाईला आधीच किती गोष्टी मना आहेत! पपई नको, अननस नको, ग्रहणात सुरी धरू नको, तिन्हीसांजेला बाहेर पडू नको. त्यात आणखी एक भर कशाला? ही चीड रास्त आहे. पण नकारांच्या या यादीकडे नीट पाहिले तर दिसते की कसलाही पुरावा नसलेले ग्रहण आपण कडक पाळतो, त्या वेळी बाईला तासन्‌तास उपाशी बसवतो, आणि ज्याच्याविषयी खरोखर काही माहिती हाती आहे त्या काढ्याचा पेला तिच्या हातात कौतुकाने देतो. यादी लांबवायची नाही, तिच्यातले खोटे काढून खरे ठेवायचे आहे. शिवाय हा नकार पाळायला अवघड नाही. घशाला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आहेत, वाफ आहे, मधाचे चाटण आहे. पित्तासाठी, म्हणजे ज्यासाठी गर्भारपणात सर्रास ज्येष्ठमध दुधातून घेतले जाते त्या जळजळीसाठी, थोडे थोडे पुन्हा पुन्हा खाणे आणि उशी उंच घेणे आहे, आणि त्यानेही भागले नाही तर डॉक्टर देतात ते औषध आहे.

हे उपाय लिहिणे मला सोपे आहे. शहराच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला ते तितके सोपे नाहीत. तंबाखूच्या धुळीत तिचा घसा बाराही महिने खवखवत असतो; तिला ज्येष्ठमध लागते ते हौस म्हणून नव्हे, तर काम थांबवणे परवडत नाही म्हणून, आणि सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत ती पान भिजवून, कापून विड्या वळतच असते. तिला नुसते काढा नको म्हणणारा डॉक्टर अर्धेच बोलतो. उरलेले अर्धे तंबाखूच्या धुळीचे आहे. गरोदर कामगार बाईची त्या सुपापासून काही महिने पगारासह सुटका व्हावी हे बोलणे आरोग्यापेक्षा मजुरीच्या खात्यात मोडते, म्हणून दवाखान्यात ते कोणी काढत नाही.

कायद्याचीही एक फट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक अनुसूची आहे. त्यातले द्रव्य असेल तर बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापावीच लागते. गुंजेचे बी त्या अनुसूचीत आहे, ज्येष्ठमध नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण ज्येष्ठमध विष नव्हे. पण विष आणि निर्धोक यांच्या मधली जागा आपल्या कायद्याने मोकळी सोडली आहे. युरोपीय संघाने २००४ सालीच अशा मधल्या जागेसाठी नियम केला: ज्या गोळ्यांत आणि पेयांत ग्लायसिरायझिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त, त्यावर रक्तदाब असलेल्यांनी जास्त खाऊ नये असे छापायचे. आपल्याकडे घशाच्या गोळ्या, कफसिरप, काढ्याच्या तयार पुड्या यांवर घटक म्हणून यष्टिमधु, म्हणजे ज्येष्ठमध, हा शब्द बारीक अक्षरांत असतो. त्याच्या शेजारी गरोदर स्त्रियांनी आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी रोज घेऊ नये एवढी एक ओळ मराठीत छापायला अन्न व औषध प्रशासनाने सांगावे, यात कुणाचा व्यवसाय बुडणार नाही. सुट्या काडीवर काही छापता येत नाही हे खरे, आणि म्हणूनच लेबलाच्या भरवशावर राहता येत नाही.

तेव्हा प्रश्न विचारणे उरते, आणि ते आजपासून करता येण्याजोगे आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिले जाते. आशाताई घरी जाऊन लोहाच्या गोळ्या घेतल्या का ते विचारतात. त्यात घरगुती औषधांचा एक प्रश्न घालायला निधी लागत नाही. फक्त तो कसा विचारायचा हे शिकवावे लागेल. ‘काही औषध घेता का?’ असे विचारले तर माझ्या पुतणीसारखेच सगळ्याजणी ‘नाही’ म्हणतील. काढा, चाटण, पूड, घशाची गोळी, दुधातून काही, असे रूप घेऊन विचारावे लागेल. आणि द्रव्याचे नाव घ्यायचे तर सोलापुरात ते चारदा घ्यावे लागेल, कारण जे आमच्या घरात ज्येष्ठमध तेच तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली वस्तीत अतिमधुरम्, कन्नड घरात ज्येष्ठमधु आणि उर्दू बोलणाऱ्या घरात मुलेठी. उत्तर ‘हो’ आले तर रागावायचे नाही, किती दिवस आणि किती चमचे ते विचारून कार्डावर रक्तदाबाच्या आकड्याशेजारी लिहायचे. कारण काढा थांबवल्यावरही त्याचा परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे जाऊ शकतात, आणि पुढच्या तपासणीला कोणी दुसरेच डॉक्टर असले तर तो आकडा कशाच्या सोबतीने आला होता हे त्यांना त्या कार्डाखेरीज कुठून कळणार?